अमेरिकेतले वैमानिक एफएएला इतके का बिचकतात, त्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत छोटी विमानं उडवणाऱ्या लोकांमध्ये एक जुना जोक चालतो, की जगातलं सगळ्यात खोटं वाक्य म्हणजे "मी एफएएकडून आलोय, तुम्हाला मदत करायला". एफएए म्हणजे विमानं आणि वैमानिकांवर नजर ठेवणारं तिथलं सरकारी खातं. हसून झालं की लक्षात येतं, यात बरीच जुनी खुन्नस आहे.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे नियम कुणी लादले नव्हते, विमानवाल्यांनीच मागून घेतले होते. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याची जुनी जेनी विमानं स्वस्तात विकली गेली, ज्याला जमेल त्याने घ्यावं आणि उडवावं, ना लायसन्स ना तपासणी. लोक मरायला लागले, आणि विमान बनवणाऱ्यांनाच वाटायला लागलं की सरकारने शिक्का मारल्याशिवाय ना गिऱ्हाईक येईल ना इन्शुरन्स मिळेल. मग 1926 मध्ये एअर कॉमर्स अ‍ॅक्ट आला. वैमानिकाचं पहिलं लायसन्स ऑरव्हिल राईट यांना देऊ केलं तर ते नको म्हणाले, एक तर ते तेव्हा उडवत नव्हते आणि आपण पहिले वैमानिक होतो हे सिद्ध करायला त्यांना कागदाची गरजही वाटेना. शेवटी 1927 मध्ये लायसन्स नंबर 1 घेतलं विल्यम मॅकक्रॅकन यांनी, म्हणजे लायसन्स देणारं सरकारी खातं चालवणाऱ्या साहेबांनीच!

तेव्हा ते खातं व्यापार मंत्रालयात होतं, त्यामुळे विमानधंदा वाढवणं आणि त्याच्यावर नजर ठेवणं ही दोन्ही कामं एकाच टेबलावर. ही जोडी 1996 पर्यंत कायद्यात टिकली, यावर विश्वास बसत नाही.

आजची एफएए 1958 ची. 30 जून 1956 ला ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली, 128 माणसं गेली, आणि सगळं आकाश एकाच हाताखाली आणायचं ठरलं. पहिले प्रमुख आले एल्वूड केसाडा, हवाई दलातले जनरल, आणि कारभारही तसाच. एअरलाइनच्या पायलटने साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचं हा 2007 पर्यंत चाललेला नियम त्यांच्याच काळातला, पायलटांची युनियन कोर्टात गेली आणि हरली. वैमानिक विरुद्ध ऑफिस असा जो सूर आजही ऐकू येतो तो मला वाटतं इथून पक्का झाला.

मग 1974. टीडब्ल्यूए या विमान कंपनीची फ्लाइट 514 वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होती, अ‍ॅप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी विमानतळाकडे यायची परवानगी मिळाली म्हणजे आता 1,800 फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही असं क्रूने धरलं, जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरच्या डोक्यात वेगळंच होतं, आणि विमान डोंगरावर आपटलं, 92 जण गेले. खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या विमान कंपनीच्या एका क्रूचा तिथेच अगदी हाच घोळ झाला होता, ते थोडक्यात वाचले, कंपनीने आपल्या पायलटांना सावध केलं, पण ते बाकी कुणापर्यंत पोचलंच नाही.

त्यावर एफएएने 1975 मध्ये 'चूक कळवा, शिक्षा नाही' अशी योजना काढली. पायलटांचा भरवसा बसेना, बसणार कसा, कबुली ऐकणारा आणि लायसन्स काढून घेणारा एकच! म्हणून 1976 मध्ये ते काम नासाकडे दिलं, कारण नासाला कुणाचं लायसन्स काढायचा अधिकारच नाही. चूक कळवायच्या फॉर्मच्या वरच्या बाजूला एक पट्टी असायची, नाव-पत्ता फक्त तिच्यावर, नासावाले ती फाडायचे, शिक्का मारून पोस्टाने परत पाठवायचे, आणि आपलं नाव असलेला कागद आपल्याच हातात यायचा. मुद्दाम केलेलं नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवलं असेल तर नियम मोडला तरी दंड माफ. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सरकारने केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट ही पट्टी.

पण लायसन्सचं झालं, मेडिकलचं, म्हणजे उडवायला लागणाऱ्या तब्येतीच्या सर्टिफिकेटचं काय? हवाई कसरती करणाऱ्या बॉब हूवरचं प्रकरण तिथलंच. हा माणूस बॅरल रोल, म्हणजे विमानाची गोल कोलांटी मारताना ग्लासात आइस टी ओतायचा, थेंब सांडायचा नाही. 1992 च्या ओक्लाहोमा सिटीच्या एअर शोनंतर दोन इन्स्पेक्टरांचं म्हणणं पडलं की सत्तरीच्या या माणसाचं डोकं पूर्वीसारखं चालत नाही, आणि मेडिकल गेलं. ऑस्ट्रेलियाने मेडिकल दिलं, तो तिकडे जाऊन शो करत होता आणि स्वतःच्या देशात जमिनीवर! परत मिळायला 1995 उजाडलं. 'इमर्जन्सी'च्या नावाखाली लायसन्स तडकाफडकी काढलं तर निदान ती इमर्जन्सी खरी आहे का हे 48 तासांत विचारता यावं, अशी सोय 2000 च्या कायद्यात झाली, लोक तिला हूवर बिलच म्हणायचे.

पुढचा फटका स्वतः विमान उडवणारे सिनेटर जिम इनहोफ यांना बसला, म्हणजे चूक त्यांचीच होती. 2010 मध्ये टेक्सासमध्ये ते बंद रनवेवर उतरले, त्यावर मोठी फुली आणि काम करणारी माणसं. एफएएने पुन्हा ट्रेनिंग घ्यायला लावून सोडलं. आपल्याविरुद्धचे पुरावे बघायलाच मिळत नाहीत हे मात्र त्यांना चांगलं झोंबलं, आणि 2012 मध्ये त्यांनी पायलट्स बिल ऑफ राइट्स पास करून घेतलं: चौकशी चालू आहे हे सांगायचं, उत्तर द्यायची सक्ती नाही, कंट्रोलरची रेकॉर्डिंग मिळणार. साध्या पायलटने वीस वर्षं ओरडून जे झालं नसतं ते सिनेटरच्या एका चुकीने झालं, असो. 2015 पासून खुद्द एफएएच म्हणते की प्रामाणिक चुकीला आधी ट्रेनिंग, कारवाई नंतर.

मेडिकल तेवढं अजून अडकलेलं आहे. 2010 मध्ये डिप्रेशनच्या चार प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांना अटींसह उडवायची परवानगी मिळाली, 2017 पासून बेसिकमेड नावाच्या सवलतीमुळे छोट्या विमानवाल्यांना साध्या डॉक्टरकडून तपासून घेता येतं. पण एअरलाइनवाल्याला अजून मेडिकलचा तोच जुना फॉर्म भरावा लागतो, गेल्या तीन वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे गेलात, कशासाठी गेलात, सगळं लिहा. म्हणून कित्येक जण डॉक्टरकडे जातच नाहीत. त्या फॉर्मला फाडायची पट्टी नाही.