वाचनालय आणि अभ्यासिका : पाटी एक, कामं दोन

बार्शी, चाळीसगाव, फलटण एवढ्या शहरातल्या चालत्या वाचनालयात सकाळी आठला डोकावलं तर बऱ्याचदा बसायला खुर्ची मिळत नाही. वाचनसंस्कृती संपली म्हणून गळा काढणाऱ्यांना कार्यवाह मोठ्या हौसेने ही गर्दी दाखवतात. पण जरा टेबलाजवळ जाऊन बघा. पाण्याची बाटली, चार्जर, झेरॉक्सच्या स्पायरल नोट्स, तलाठी भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका, समोर चिकटवलेलं वेळापत्रक. वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक शोधूनही सापडायचं नाही. ही झाली अभ्यासिका. वाचनालय शेजारच्या खोलीत आहे आणि ते संध्याकाळी उघडतं.

छप्पर एक, पाटी एक, कार्यकारी मंडळही एकच, म्हणून दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. ठरावातसुद्धा ‘वाचनालय व अभ्यासिका’ असं एका दमात लिहिलं जातं. रोजच्या व्यवहारात त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या पाच वर्षांत काय करायचं हे ठरवायला बसल्यावर.

वाचनालयात फिरतं ते पुस्तक. वाचक दहा-पंधरा मिनिटं येतो आणि जातो. देवघेवीच्या काउंटरवर संध्याकाळी सहाला उभं राहिलं की हे नीट दिसतं. एक बाई पिशवीतून दोन पुस्तकं काढतात, “याचा दुसरा भाग आला का हो?” म्हणून विचारतात. तो बाहेर गेलाय. मग ग्रंथपाल कपाटापर्यंत जाऊन भलतंच एक पुस्तक आणून पुढे सरकवतो : “तोवर हे बघा, गेल्या वेळी तुम्हाला प्रवासवर्णन आवडलं होतं.” तारखेचा शिक्का पडतो, बाई जातात. या दोन मिनिटांसाठी ग्रंथपालाला संग्रह पाठ असावा लागतो आणि वाचकही. वाचनालयाची खरी सेवा ती.

अभ्यासिकेत फिरत काहीच नाही. तिथे माणूस बसतो, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. पुस्तकं त्याची स्वतःची असतात. त्याला हवी असते शांतता, चांगला उजेड, पंखा, प्लगपॉइंट, पिण्याचं पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि उद्या हीच जागा मिळेल याची खात्री. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना एमपीएससीचा अभ्यास होत नाही, त्यामुळे ही गरज अगदी खरी आहे. तिला कमी लेखण्यात अर्थ नाही.

ग्रंथालयशास्त्रात या शास्त्राचे भारतातले जनक एस. आर. रंगनाथन यांची पाच सूत्रं (१९३१) पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतात. त्यातलं चौथं म्हणतं, वाचकाचा वेळ वाचवा. वर्गीकरण, तालिका (पुस्तकांची सूची), मुक्तद्वार पद्धत (वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडणं) हा सगळा खटाटोप त्यासाठीच. अभ्यासिकेत येणारा मात्र वेळ घालवायलाच येतो, दिवसाचे दहा-बारा तास! तिथे वर्गीकरण कितीही चोख असलं तरी त्याला उपयोग नाही. किल्ली सांभाळणारा आणि खोली झाडून घेणारा भरवशाचा माणूस असला की अभ्यासिका चालते. वाचनालय त्यावर चालत नाही.

पैशाच्या बाबतीत घोळ जास्त आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवायला सरकारी मदत, मिळतं. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रं-नियतकालिकं, उघडं राहण्याची वेळ असं बघतात. म्हणजे मोजमाप वाचनालयाचं असतं. २०२२ मध्ये हे अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं : तालुका पातळीवरच्या ‘अ’ वर्गाचं ३,८४,००० वरून ६,१४,४०० रुपये, ‘ड’ वर्गाचं ३०,००० वरून ४८,०००. हे वर्षाचे आकडे आहेत. या दराने ‘ड’ वर्गाला महिन्याला चार हजार पडतात, आणि त्यातच पगार, पुस्तकं, वीजबिल भागवायचं.

आता समजा ४० खुर्च्यांची अभ्यासिका काढली आणि महिना ५०० रुपये शुल्क लावलं. महिन्याला २०,००० आले. ‘ड’ वर्गाचं २०२२च्या दराचं अख्ख्या वर्षाचं अनुदान अडीच महिन्यांच्या आत वसूल! कार्यकारी मंडळाचा कल कुठे झुकणार हे सांगायला नको, आणि त्यांना नावं ठेवण्यातही मतलब नाही. मात्र खुर्च्या वाढतात तशी कपाटं भिंतीकडे सरकतात, मग त्यांना कुलूप लागतं, आणि सगळ्यात आधी बळी जातो तो बालविभाग. मुलं पुस्तक बघून ओरडतात, जमिनीवर फतकल मारून बसतात. शेजारी मुख्य परीक्षेची तयारी चालू असली की पहिली तक्रार या मुलांविरुद्धच होते.

जागेचा हिशोबही आधी मांडावा. ग्रंथालय इमारतींच्या भारतीय मानकात (आय. एस. १५५३) एका वाचकाला २.३३ चौरस मीटर, म्हणजे साधारण २५ चौरस फूट धरलेत. ४० जणांना हजार चौरस फूट झाले. खासगी अभ्यासिका प्लायवूडचे कप्पे करून याहून पुष्कळ कमी जागेत माणसं बसवतात. वाचनालयाने त्या शर्यतीत उतरू नये.

आणखी एक खोड म्हणजे ग्रंथखरेदीच्या पैशातून स्पर्धा परीक्षांची गाइडं घेणं. मुलं मागतात, विक्रेता घसघशीत सूट देतो, ग्रंथसंख्याही वाढते. दोन वर्षांत आवृत्ती शिळी होते. पण दाखल नोंदवहीत चढलेलं पुस्तक सहज रद्दीत टाकता येत नाही, निर्गतीची, म्हणजे पुस्तक नोंदीतून कमी करण्याची, रीतसर प्रक्रिया करावी लागते. ती सहसा कोणी करत नाही, आणि २०१७च्या चालू घडामोडी कपाटात बसून राहतात. त्यापेक्षा बालभारतीची सहावी ते बारावीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं चार-चार प्रतींत घ्यावीत. अभ्यासिकेतली मुलं पाया म्हणून तीच वाचतात, शाळकरी पोरांनाही चालतात, किंमतही किरकोळ.

अहवालात ‘रोज २०० वाचक’ लिहून मोकळं होणं सोपं असतं. त्याऐवजी दोन आकडे वेगळे ठेवावेत : देवघेवीत आज किती पुस्तकं बाहेर गेली, आणि अभ्यासिकेत किती खुर्च्या किती तास भरल्या. पहिला घटत असताना दुसरा वाढला तर जाहीर कार्यक्रमात हारतुरे घ्यायला हरकत नाही, पण ग्रंथपालाची जागा भरायचा विषय बैठकीत आलाच पाहिजे. हिशोबाची खातीही दोन असावीत आणि अभ्यासिकेच्या शिलकेतला ठरावीक वाटा ग्रंथखरेदीला जावा. अभ्यासिकेच्या शुल्कातच वाचनालयाचं सभासदत्व द्यावं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. उत्तरं लिहायची तर गाइडापलीकडचं वाचावं लागणार, म्हणजे हीच मुलं संदर्भ विभागाकडे वळू शकतात. कोणीतरी त्यांना कपाटापर्यंत न्यायला हवं.

हॉल एकच असेल तर वेळ वाटून घ्यावी. सकाळी सात ते दुपारी चार अभ्यासिका, चारनंतर कपाटं उघडी, मुलं, वर्तमानपत्रं, देवघेव. साडेआठनंतर पुन्हा अभ्यासिका. मधल्या साडेचार तासांत बोलण्याचा आवाज होणार, हे प्रवेश देतानाच लेखी सांगावं आणि त्यावर सही घ्यावी.