पैठणला रोहित येतात कुठून, आणि कधी

हिवाळा सरत आला की संभाजीनगरचे फोटोवाले नाथसागराकडं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडं पळतात, आणि दरवर्षी एकच प्रश्न, यंदा रोहित (फ्लेमिंगो) किती आलेत? त्याचं अर्धं उत्तर पैठणला नाहीच, ते पार कच्छच्या रणात आहे.

मोठं रण म्हणजे काही महिने तळं आणि बाकी वेळ मिठाचं वाळवंट. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्राचं पाणी आत ढकलतो, त्यात पावसाचं पाणी मिसळतं आणि त्या उथळ खाऱ्या पाण्यात रोहित चिखलाचे उंचवटे रचून वर अंडी घालतात. पाऊस नाही झाला तर वीणही नाही. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी 1945 ला तिथं लाखाच्या वर घरटी नोंदवली होती. आपल्याकडं येणारे रोहित तिकडूनच येतात असं बहुतेक पक्षीवाले मानतात.

1945 च्या त्या काळात पैठणला मात्र तळंच नव्हतं, नुस्तं गोदावरीचं पात्र. धरण खरं तर बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होणार होतं, जागा वर पैठणला सरकली पण नाव तेच राहिलं (सरकारी कागदावरचं नाव सहसा सुटत नाही). 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, गावंच्या गावं पाण्याखाली गेली, माणसं उठून दुसरीकडं बसली, आणि पक्ष्यांच्या गप्पांत हा विषय कुणी काढतच नाही.

आजूबाजूची जमीन सपाट, त्यामुळं पाण्याची खोली कमी आणि पसारा जवळपास साडेतीनशे चौरस किलोमीटरचा. धरणाच्या हिशोबानं हे तोट्याचंच, इतकं पाणी उन्हात उडून जातं, पण पक्ष्यांना नेमकं हेच पाहिजे होतं. 1986 ला अभयारण्य जाहीर झालं.

रोहित मान खाली घालून, चोच उलटी बुडवून पाणी गाळत खातो, म्हणून त्याला उथळ काठ लागतो. पाणी ओसरलं की काठाचा गाळ उघडा पडतो, तिथं शेतकरी गाळपेर (उघड्या ओल्या गाळात पेरणी) करतात आणि त्याच्या पुढं, पाय बुडतील एवढ्या पाण्यात, रोहित उतरतात. धरण काठोकाठ भरलेलं असलं की बिचाऱ्यांना उभं राहायलाच जागा नाही. म्हणजे तिकडं रणात पाऊस पाहिजे आणि इकडं पाणी हटलेलं पाहिजे! म्हणून फोटोसाठी निघायच्या आधी धरणाची टक्केवारी बघा, लेन्सचं नंतर. आणि मृतसाठ्याच्या वर्षी, म्हणजे धरणात वापरण्याजोगं पाणीच उरत नाही अशा 2016 सारख्या वर्षी, कितीही चांगला फोटो मिळाला तरी मराठवाड्यात तो कुणाला कौतुकानं दाखवावासा वाटत नाही.

आता ह्याच पाण्यावर तरंगत्या सोलरचा प्रकल्प ठरलाय. त्याविरुद्धची याचिका 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं फेटाळली. उथळ काठ तेवढा मोकळा सोडला तर बरं, कारण पक्ष्यांचा सगळा कारभार तिथंच चालतो.