घाट उतरणारी गाडी वीज परत देते

कर्जत स्टेशनात पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. रेल्वेतली माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बोरघाटात 37 मीटर पुढे गेलं की रूळ 1 मीटर वर चढतो. रेल्वेसाठी हा चढ अतिशय कडक, म्हणून ही मागची ढकल. तिच्याविषयी बहुतेकांना माहीत असतं. मला मात्र घाट उतरणाऱ्या गाडीविषयी सांगायचंय.

घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत गाडी साधारण 550 मीटर खाली येते. 1,000 टनांची गाडी एवढी उतरली की तिच्यातून सुमारे 1,500 युनिट ऊर्जा मोकळी होते. एखाद्या मध्यमवर्गीय घराला ही वीज कित्येक महिने पुरेल. नुसते ब्रेक दाबले तर ती सगळी ब्रेक ब्लॉक आणि चाकं तापवण्यात जाते. आधुनिक विजेच्या इंजिनात मात्र उतारावर मोटारच जनित्र होते. चाकं मोटारीला फिरवतात, वीज तयार होते आणि ती टपावरच्या पेंटोग्राफमधून, म्हणजे तारेला टेकणाऱ्या सांगाड्यातून, वरच्या तारेत जाते. वीज काढून घेतल्यामुळे मोटार चाकांना अडवते, म्हणजे ब्रेकही लागतो. घर्षणात आणि यंत्रात काही ऊर्जा वाया जातेच, तरी बराच मोठा भाग हाती लागतो. डिझेल इंजिनाला हे जमत नाही. जळलेलं डिझेल टाकीत परत येत नाही.

मुंबईत 1925 साली व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती 1,500 व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. त्या पद्धतीत एक अडचण होती. परत आलेली वीज वापरायला जवळपास दुसरी गाडी नसेल, तर ती सहसा वाया जायची, कारण उपकेंद्रातून प्रवाह एकाच दिशेने, फक्त तारेकडे, वाहायचा. 25,000 व्होल्टच्या एसी तारेतून हीच वीज ग्रीडपर्यंत, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या जाळ्यापर्यंत, पोहोचू शकते. मुंबईतलं डीसीचं एसीत रूपांतर 2016 मध्ये पूर्ण झालं.

‘पण वीज तरी कोळशाचीच ना?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडची बहुतांश वीज आजही कोळशातून येते. म्हणूनच नुसतं इंजिन बदलून माझं समाधान होत नाही. मुळात ऊर्जा कमी लागायला हवी, आणि तिथे लोखंडी चाकाला तोड नाही. डांबरावर रबरी टायर सतत दबतो, फुगतो, तापतो. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे त्याला होणारा विरोध ट्रकच्या टायरपेक्षा कितीतरी पटींनी कमी असतो.

कोकण रेल्वेने 1999 पासून या फरकाचा सरळ उपयोग केलाय. कोलाडला भरलेले ट्रक उघड्या वाघिणींवर चढवतात आणि गाडी गोव्यात वेर्ण्याला निघते. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये विश्रांती घेतो, ट्रकचं इंजिन बंद असतं. 2022 पासून कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग विद्युतीकृत आहे. महामार्गावरचे आणखी ट्रक असे रुळांवर यायला हवेत, आणि त्यासाठी कोलाडसारखे ट्रक चढवण्या-उतरवण्याचे धक्के अजून बऱ्याच ठिकाणी बांधावे लागतील.