संगणकाची यंत्रसामग्री

संगणकाच्या ज्या भागांना हात लावता येतो, जे सुटे करून बदलता येतात आणि ज्यांच्या आधारे आज्ञावली चालते, त्या सर्वांना मिळून यंत्रसामग्री किंवा हार्डवेअर म्हणतात. घरात आणि कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या डेस्कटॉप संगणकाची आजची घडण प्रामुख्याने आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या ‘पर्सनल कॉम्प्युटर’पासून चालत आली आहे. त्या यंत्रात ४.७७ मेगाहर्ट्झ गतीचा इंटेल ८०८८ हा प्रोसेसर (आज्ञा पार पाडणारी मुख्य चिप), किमान १६ किलोबाइट स्मृती आणि जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या. हे आकडे आज हास्यास्पद वाटत असले, तरी या भागांमधली कामांची वाटणी मात्र फारशी बदललेली नाही.

या वाटणीचे मूळ त्याहून जुने आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये लिहिलेल्या अहवालात आज्ञा आणि माहिती या दोहोंना एकाच स्मृतीत ठेवण्याची रचना मांडली होती. या रचनेत प्रोसेसरला प्रत्येक आज्ञेसाठी आणि आकड्यासाठी स्मृतीकडे जावे लागते. त्यामुळे संगणकाचा वेग केवळ प्रोसेसरवर ठरत नाही. त्याला लागणारी माहिती त्याच्यापर्यंत किती लवकर पोहोचते, यावर तो बराच अवलंबून असतो.

प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले विद्युतमंडल. आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे आणि ती पार पाडणे एवढेच काम तो अखंडपणे करत असतो. इंटेलच्या १९७१ सालच्या ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे सूक्ष्म स्विच होते. आता त्यांची संख्या अब्जांत मोजतात. चार गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोक्यांच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा असतो, तर मुख्य स्मृतीतून माहिती यायला साधारण ७० ते १०० नॅनोसेकंद लागतात. एवढ्या वेळात शेकडो ठोके वाया जाऊ नयेत म्हणून प्रोसेसरमध्येच कॅश नावाची छोटी पण अतिवेगवान स्मृती दोन-तीन थरांत बसवलेली असते आणि वारंवार लागणारी माहिती तिथेच हाताशी ठेवली जाते.

मुख्य स्मृती म्हणजे रॅम. तिच्या प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. ही रचना आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांची असून तिचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असल्याने तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि वीज गेली की सगळे पुसले जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती फेराइटच्या चुंबकीय कड्यांची होती. वीज गेल्यावरही अशा कड्यांमधले चुंबकत्व टिकून राहते, पण टिफ्रॅकच्या स्मृतीची क्षमता प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट होती. आजची आठ गिगाबाइटची एक पट्टी तिच्या आठ लाखांहून अधिक पट आहे.

संगणक सुरू केल्यावर पडदा काळाच राहून नुसते बीप ऐकू येत असतील, तर बहुधा संशय रॅमवर जातो. दोन्ही टोकांच्या क्लिपा सोडून पट्टी काढायची, सोनेरी कडेवरचा मळ खोडरबराने हलक्या हाताने पुसायचा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत ती पुन्हा दाबून बसवायची, हा दुरुस्तीवाल्यांचा ठरलेला पहिला उपाय आहे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते, कारण दोष पट्टीत नसून धुळीने बिघडलेल्या जोडात असतो. सोन्याचा थर अत्यंत पातळ असल्याने जोर मात्र लावू नये.

कायमच्या साठवणीसाठी हार्ड डिस्क किंवा एसएसडी असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते. वाचणारी दांडी योग्य जागी सरकण्याचा वेळ धरला तर माहिती मिळायला सरासरी दहा-बारा मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात प्रोसेसरचे चार कोटींहून अधिक ठोके होऊन गेलेले असतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिच्या फ्लॅश चिपमधली माहिती साधारण एक दशांश मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर मिळते. म्हणूनच रॅम अगदी तोकडी नसेल, तर जुन्या संगणकावर करण्याजोगा पहिला खर्च एसएसडीचाच होय; नव्या प्रोसेसरने एवढा फरक क्वचितच पडतो. मोठ्या साठ्यासाठी मात्र हार्ड डिस्क अजूनही स्वस्त पडते, शिवाय फ्लॅशच्या घरांत किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते.

हे सारे भाग मदरबोर्ड या मुख्य फलकावर जोडले जातात. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकानुसार त्याचा पूर्ण आकार ३०५ × २४४ मिलिमीटर असून स्क्रूंच्या भोकांच्या जागाही ठरलेल्या आहेत. एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो त्यामुळेच. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायॉस किंवा यूईएफआय ही प्रारंभिक आज्ञावली असते. शेजारचा तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. हा सेल संपला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. वापरणारा इंटरनेटला दोष देत बसतो, पण इलाज सेल बदलण्याचा असतो.

एसएमपीएस हा भाग घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह तयार करतो. प्रोसेसरने घेतलेली जवळपास सगळी वीज उष्णतेत बदलते. ती थर्मल पेस्टमार्फत धातूच्या पातळ पट्ट्यांना आणि तिथून हवेला दिली जाते. पेस्ट वाळली किंवा जाळीत धूळ साचली, तर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो.

पडद्यावरचे चित्र तयार करणारा ग्राफिक्स भाग अनेक प्रोसेसरमध्येच सामावलेला असतो. खेळ, चित्रफीत संपादन आणि त्रिमितीय आरेखन यांसाठी वेगळे कार्ड लागते. कळफलक, माउस, प्रिंटर ही बाहेरची साधने पूर्वी निरनिराळ्या आकाराच्या जोडण्यांनी लावली जात. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीने त्यांतल्या बहुतेकांची जागा घेतली.