दंड मालक भरेल, लायसन्स मात्र तुमचं जाईल: ट्रकचालकांसाठी निलंबनाची प्रक्रिया आणि कागदपत्रं

गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेली उसाची गाडी असो, कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून कास्टिंग भरून निघालेली असो, पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनापेक्षा, जादा माल भरायचं ठरवतो दुसराच कुणीतरी. गाडी धरली की दंड बहुतेक वेळा मालक भरतो. ड्रायव्हरला वाटतं विषय मिटला. पण दंड आणि लायसन्स हे कायद्यात दोन वेगळे विषय आहेत, आणि लायसन्सवरच्या कारवाईची झळ फक्त ड्रायव्हरला बसते. एम एच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाड्यांवर पोट असणाऱ्या प्रत्येकाला हे नीट माहीत हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लायसन्सवर कारवाई कोण करतं?

तीन जण करू शकतात.

पहिले रस्त्यावरचे पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(४) खाली वेगमर्यादा, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं, अॅम्ब्युलन्सला वाट न देणं अशा गुन्ह्यांत ते लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवतात. धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने गाडी घालणं आणि हातात मोबाइल धरून गाडी चालवणं हेही येतं. वेगमर्यादा ओलांडल्यास जड मालवाहू गाडीला कायद्यात २,००० ते ४,००० रुपये दंड आहे, आणि पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्त. अशी प्रकरणं आरटीओकडे गेल्यावर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता (म्हणजे तेवढे दिवस गाडी चालवायला मनाई), दुसऱ्याला लायसन्स थेट रद्द. इथे जागेवर तडजोडीचा दंड भरला तरी सुटका नाही. कलम २०० सांगतं की त्यामुळे लायसन्सवरची कारवाई टळत नाही, आणि तोच गुन्हा पुढे पुन्हा झाला तर हा भरलेला दंड पहिला गुन्हा म्हणून धरला जातो.

दुसरं, आरटीओ स्वतः. कलम १९ आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम २१ यांत ओव्हरलोड, मालवाहू गाडीत माणसं बसवणं, थांबण्याचा इशारा करूनही न थांबणं, अपघातानंतरची कर्तव्यं न पाळणं हे सगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की ओव्हरलोड, मालगाडीत माणसं, दारू, मोबाइल, सिग्नल आणि वेग या गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. तेव्हापासून ही कारवाई जास्त काटेकोर झाली. ओव्हरलोडचा कायद्यातला दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. वजनकाट्यावर न्यायला नकार देऊन गाडी पळवली तर ४०,०००. ‘काटा चुकव, बघू पुढं’ असं फोनवर सांगणाऱ्याचं ऐकण्याआधी हा आकडा आठवा.

तिसरं, न्यायालय. दारूच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास किमान सहा महिने अपात्रता. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. अपघातानंतर जखमीला मदत न करता, पोलिसांना न कळवता निघून गेल्यास किमान एक महिना. जमावाच्या संतापामुळे तिथे थांबणं शक्य नसेल तर जखमीला मदत करण्याच्या बाबतीत कायदा ते समजून घेतो. पण मग जवळचं पोलीस ठाणं गाठून लगेच माहिती द्यायची.

मोटरसायकलवरची चूक ट्रकपर्यंत पोचते

हे फार कमी जणांना ठाऊक आहे. कलम १९४ड प्रमाणे हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. ट्रिपल सीटलाही तसंच. ट्रकचं आणि मोटरसायकलचं लायसन्स एकाच कार्डावर असतं. गाडी मार्केट यार्डात लावून दुचाकीवरून घरी जाताना हेल्मेट घातलं नाही, तर धोक्यात ते कार्डच येतं. कलम १९ खालच्या आदेशात ‘सर्व किंवा ठरावीक वर्गाची वाहनं’ असं लिहिता येतं, त्यामुळे कारवाई दुचाकीपुरती मर्यादित ठेवावी अशी विनंती सुनावणीत लेखी करायलाच हवी.

लायसन्स ताब्यात घेतल्यावर

पोलिसांकडून पावती घ्या. पण त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही; कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. माल पोचवायचा असेल तर मालकाला दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगा. अपात्र असताना स्टिअरिंगवर बसलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

मग नोटीस येते. म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आणि लेखी कारणं दिल्याशिवाय कलम १९ खाली आदेश काढता येत नाही. हा तुमचा हक्क आहे, आणि बरेच जण इथेच कमी पडतात: नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, किंवा गाडी बाहेर आहे म्हणून तारीख चुकते. लायसन्सच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर पत्ता आणि मोबाइल नंबर आजच बघून घ्या. ताराबाई पार्कातल्या आरटीओत सुनावणीला जाताना नोटीस, लायसन्स किंवा जप्तीची पावती, आधार, चलन आणि आरसीची प्रत न्या. ओव्हरलोडचं प्रकरण असेल तर बिल्टी (मालाच्या वाहतुकीची पावती) आणि वजनकाट्याची पावती फार महत्त्वाची. माल कुणी भरला, किती भरला, तुम्हाला काय सांगितलं होतं, हे लेखी मांडा. उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

ई-चलन गाडीच्या नावावर निघतं, म्हणून त्यावेळी स्टिअरिंगवर कोण होतं हे मालकाला विचारलं जातं आणि त्याला ते सांगावं लागतं. कोणत्या तारखेला कोणती गाडी कुठे नेली याची वही ड्रायव्हरने स्वतः ठेवावी. चार जण आलटून पालटून चालवतात त्या गाडीवर दुसऱ्याचं चलन तुमच्या नावावर येऊ नये यासाठी एवढी वही पुरते.

आदेश झाला तर

आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. नुसतं अपील केलं म्हणजे आदेश थांबला असं धरू नका, स्थगितीही त्यातच मागा.

तीन महिने संपले म्हणजे कार्ड आपोआप परत मिळत नाही. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूल किंवा सरकारने ठरवलेल्या संस्थेत उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, तेव्हाच लायसन्स परत मिळतं. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न बघता निलंबनाच्या काळातच हे उरकून घ्या; गाडीवर नसल्याने वेळही असतो.

लायसन्स रद्द झालं असेल तर गोष्ट जड आहे. अर्ज आणि चाचणी पुन्हा नव्याने, सोबत फॉर्म १-अ मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि ट्रकसाठी ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५. आठवी पासची अट २०१९ पासून नाही, त्यामुळे शाळेचा दाखला नाही म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.