सोलापूरच्या मुलांसाठी ओहोटीचा तास

सोलापूर भागात विहीर खोदताना जो काळा पाषाण लागतो, तोच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कितीतरी ठिकाणी ओहोटीला उघडा पडतो. दोन्हीकडे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. फरक इतकाच, की तिथल्या खडकावर समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि उतरतो. त्यामुळे खडकावर जीवांचे पट्टे तयार होतात, एकावर एक, डोळ्यांनी सहज दिसतील असे. उन्हाळी सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना हे पट्टे मोजायला न्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपली मुलं कोकणात जातात, पण बहुतेक वेळा वाळूत खेळून आणि पिशवीभर शिंपले घेऊन परत येतात.

तयारी मात्र सोलापुरातच करायची. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपची 50 सेंटिमीटर बाजूची चौकट करा. तिच्यावर दर 10 सेंटिमीटरवर नायलॉनची दोरी बांधा, की 25 चौकोन मिळाले. एक चौकोन म्हणजे चौकटीतली चार टक्के जागा. ही चौकट आधी उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ वापरून बघावी. तिथे उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, गाळपेर जमीन उघडी पडते, कडेच्या चिखलात शेकाटे आणि रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी चरत असतात. दर आठवड्याला पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकली आणि आधीच्या खुंट्यांपाशी काय उगवलं ते चौकटीने मोजलं, तर सरकत्या काठाचा अभ्यास कसा करतात ते कळतं. उजनीच्या काठाला जे करायला महिने लागतात, ते समुद्र सहा तासांत करतो.

ओहोटीची वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब मुलांना जरूर शिकवावा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तो भरतीचा साधारण तास. अष्टमीला सहा, अमावास्येला (आकडा पंधरा) सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. हा हिशेब जमतो, कारण चंद्रामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. तेव्हा भरती खूप वर चढते, तशीच ओहोटीही खूप खाली जाते. म्हणून प्रतिपदा-द्वितीयेची सकाळ सर्वांत सोयीची. तरी जाण्याआधी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक पाहायलाच हवं.

आता खडकावर. सगळ्यात वर, जिथे लाटांचे नुसते शिंतोडे पोहोचतात, तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी फटींत दाटीने बसलेल्या दिसतात. मे महिन्यात हा खडक हाताला चटका देतो. अशा वेळी गोगलगाय पाय आत ओढून घेते, शंखाचं तोंड झाकणीने बंद करते आणि वाळलेल्या चिकट स्रावाच्या बारीक कडेवर खडकाला टांगून राहते. अंगाचा तापल्या दगडाशी संबंधच कमीत कमी ठेवायचा. दुपारी दारं-खिडक्या लावून घेणाऱ्या सोलापूरकरांना हा उपाय ओळखीचा वाटेल.

त्याखाली बार्नेकलचा पांढुरका, खरखरीत पट्टा. हे दगडाला चिकटलेले चुनखडी कवचाचे जीव शिंपल्यांचे नव्हे, तर खेकडे-कोळंबीचे नातलग आहेत. ओंजळभर पाणी घातलं आणि थोडं थांबलं, तर काहींच्या झडपा उघडतात आणि पिसासारखे पाय पाणी चाळू लागतात. ते पायांनीच अन्न ओढतात. चार्ल्स डार्विनने 1846 पासून आठ वर्षं या प्राण्यांवर घालवली. आणखी खाली कालवं, मग हिरवं-तपकिरी शेवाळ, आणि डबक्यांमध्ये समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी.

खरा प्रश्न पुढे आहे: पट्टा इथेच का संपतो? जोसेफ कॉनेल या परिसरशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हेच शोधलं. तिथे बार्नेकलच्या दोन जाती, लहान वरती आणि मोठी खाली. त्याने काही जागांवरून मोठी जात खरवडून काढली, तेव्हा लहान जात खालीही छान वाढली. म्हणजे तिला खालचं पाणी वर्ज्य नव्हतं; मोठी जात तिला दाबून, उचकटून हाकलत होती. मोठीला मात्र वर चढता येत नव्हतं, कारण तिथलं कोरडेपण तिला सोसत नव्हतं. 1961 मध्ये आलेला हा निष्कर्ष आजही परिसरशास्त्राच्या वर्गात शिकवतात. कोकणातल्या जाती वेगळ्या, पण प्रश्न तोच विचारता येतो. आपण अर्थातच काही खरवडायचं नाही. वरून खाली दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची, मोजायचं आणि लिहायचं. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, समुद्राकडे पाठ करायची नाही, जिवंत काहीही घरी आणायचं नाही.

एक संध्याकाळ रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीला द्यावी. तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं बोटांनी चाचपून पाहता येतात. या खाडीत काजळी नदी सह्याद्रीवरून थेट पश्चिमेला उतरते. आपली भीमा त्याच सह्याद्रीत भीमाशंकरला, अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत उगम पावते, पण पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि आंध्रात बंगालच्या उपसागरात जाते.

हे सगळं एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत उरकावं. पावसाळा जवळ आला की समुद्र खवळतो आणि खडकांवर उतरणं धोक्याचं होतं. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच जागा, त्याच तिथीला मोजायला द्याव्यात आणि आदल्या वर्षीची वही त्यांच्या हाती सोपवावी.