कामालेओंदा: सगळा खेळ हुकांचा

इंटिरिअरचे फोटो बघायची सवय असेल तर हा सोफा तुम्ही नक्की बघितलाय, नाव माहीत नसेल एवढंच. गुबगुबीत चौकोन, मधे खोल खळ्या, जवळपास जमिनीला टेकलेला. याचं नाव कामालेओंदा आणि डिझायनर मारिओ बेलिनी. बरेच जण याला अलीकडची फॅशन समजतात, पण हा आहे १९७० चा.

बेलिनी मिलानचे, जन्म १९३५, शिक्षणाने आर्किटेक्ट. सोफ्याच्या आधी त्यांचं नाव झालं ते ओलिवेत्ती या इटालियन कंपनीच्या ऑफिसच्या मशीन्समुळे, प्रोग्रामा १०१ हा १९६५ चा डेस्कवर मावणारा कॅल्क्युलेटर-कम्प्युटर, त्याचं बाहेरचं रूप त्यांचंच. म्हणजे सुटे भाग जोडून वस्तू उभी करायची सवय आधीपासूनच होती, आणि मला वाटतं सोफ्यात तीच दिसते.

दुसरी बाजू कारखान्याची, जी लोक सहसा विसरतात. १९६६ मधे चेझारे कासिना आणि पिएरो बुस्नेल्ली यांनी सी अँड बी इटालिया काढली (१९७३ पासून तीच बी अँड बी इटालिया) आणि सगळा भर टाकला पॉलीयुरेथेन फोमवर. तोवर सोफा म्हणजे लाकडी सांगाडा, स्प्रिंगा, वर भरण आणि कारागिराची तासन्‌तास मेहनत. फोम आल्यावर आकाराचं बंधनच सुटलं. डिझायनर गाएतानो पेशे यांची १९६९ ची ‘अप’ नावाची खुर्ची तर हवा काढून चपट्या पाकिटात यायची, पाकीट उघडलं की आपोआप फुगून खुर्ची तयार! या वातावरणात याच कंपनीचा कामालेओंदा आला.

आता मुख्य गंमत. बैठकीचा एक भाग ९० बाय ९० सेंटीमीटरचा, पाठ वेगळी, हात वेगळा, आणि हे सगळं एकमेकांना धरून राहतं ते केबल, हुक आणि कड्यांवर. आपल्याकडे गादीवाला टाका ओढून कापूस आवळतो ना, तशाच केबल फोम आत खेचतात, त्यामुळे त्या खळ्या निव्वळ शोभेच्या नाहीत. हुक काढा, पाठ दुसऱ्या बाजूला लावा, कोपऱ्याचा सोफा करा, नाहीतर सगळं एकत्र सरकवून पलंग करा, मिस्त्री बोलवायची गरज नाही. ताठ बसायच्या दिवाणखान्याला कंटाळलेल्या त्या पिढीला हे पटणारच होतं.

१९७२ मधे न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममधे इटालियन डिझाइनचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात कामालेओंदा होता. तिथेच बेलिनींनी कार-अ-सूत्रा नावाची एक हिरवी गाडी पण मांडली, आत नेहमीच्या सीट नाहीत, नुसत्या हव्या तशा हलवता येणाऱ्या गाद्या. सोफ्याचीच कल्पना चाकांवर चढवलेली, अजून काय!

एवढं असूनही सत्तरचं दशक संपता संपता उत्पादन थांबलं. पुढे जुन्या सोफ्यांना लिलावात आणि सेकंडहँड बाजारात जबरदस्त मागणी आली, सोशल मीडियाने त्यात भर घातली, आणि शेवटी २०२० मधे, बरोबर ५० वर्षांनी, कंपनीने तो परत काढला. बाहेरून फारसा फरक नाही. आतलं सामान बदललं, पूर्ण सुटं करून रिसायकल करता येईल अशा बेताने, पण हुक आणि कड्यांना मात्र कोणी हात लावला नाही.